भांडणाऱ्याला निळी, ऐकणाऱ्याला केशरी

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

जुळे सोलापूर,
९ ऑगस्ट २०२५

दुधनीचे नामवंत अडते आणि आमचे व्याही (तुमच्याकडच्या कानडीत बीगरु) श्री. वीरभद्रप्पा यांना प्रभुलिंगचे शरणु शरणार्थ.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. सौ. जगदेवीचं पित्ताशय गेलं, बाकी सगळं जागेवर आहे. तुमच्या हर्नियाचे टाके आता ओढत नसतील अशी आशा करतो. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? तुरीला भाव कसा आहे? (भाव वाईट असेल तर कळवू नका, आम्हाला इकडे पुरेसं वाईट वाटून झालेलं आहे.) फोन न करता पत्र का लिहितो, असं तुमच्या मनात येईल. तर फोनवर तुम्ही स्पीकर लावता आणि दुकानातले हमाल पोत्यांवर बसून आपलं बोलणं ऐकतात. मला जे सांगायचं आहे ते हमालांसाठी नाही.

विषय आपल्या चिरंजिवांचा, म्हणजे आमच्या जावईबापूंचा आहे. टॉवेलच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून नंदीशराव आरोग्य विम्याचे एजंट झाले, तेव्हा मी नातेवाइकांत पेढे वाटले होते. ते पेढे आज मला परत हवे आहेत. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला सोनं द्यायला आले ते आपट्याच्या पानांबरोबर दोन पुस्तिका घेऊन आले, एक निळी आणि एक केशरी, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. (नावं मी लिहीत नाही. रंग पुरेत.) केशरीवर एक म्हातारा-म्हातारी दात दाखवून हसत होती. त्या वयात एवढे दात कुणाला असतात, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. यातली कुठली चांगली, असं मी विचारलं. जावईबापूंनी क्षणभरही न थांबता केशरी पुढे सरकवली आणि म्हणाले, ‘मामा, तुमच्यासाठी हीच.’ चौतीस वर्षं मी हायस्कुलात हेडक्लार्क होतो. संचालकांचं परिपत्रक तीन वेळा वाचल्याशिवाय त्यावर आवक क्रमांक टाकला नाही. आणि जावयाने पेन पुढे केलं म्हटल्यावर अठ्ठावीस पानांच्या पॉलिसीवर मी एक ओळ न वाचता सही केली. का, तर जावयासमोर चष्मा लावून कागद वाचत बसलो तर त्यांना अविश्वास वाटेल.

आता एप्रिल आठवा. तुमचं ऑपरेशन सोलापुरात झालं. आठ दिवस जगदेवीने तुम्हाला डबा पाठवला, आणि तुम्ही पलंगावर बसून शेंगाचटणीचं बोट चाटत, येईल त्याला सांगत होता, ‘आमच्या नंदीशनं पॉलिसी लई भारी काढलीया बगा, एक रुपाया खिशातनं गेला न्हाय.’ मी मान डोलवत होतो. दवाखान्यातल्या विम्याच्या खिडकीवर तुमचे कागद घेऊन मीच उभा होतो, हेही तुम्हाला आठवत असेल. एकाच जावयाने, म्हणजे एकाच मुलाने, दोघांच्या पॉलिस्या काढल्यात, तेव्हा माझीही अशीच असणार असं समजून मी त्या आठ दिवसांत फार निवांत झोपलो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात जगदेवीच्या पोटात कळ आली. खडे निघाले. त्याच दवाखान्यात गेलो. डेंगीचे दिवस, स्वस्त खोल्या भरलेल्या. दिवसाला साडेचार हजारांची एकच खोली शिल्लक होती, ती घेतली. ऑपरेशन नीट झालं, खडे बाटलीत घालून मला दाखवले (जोंधळ्याच्या दाण्याएवढे, अकरा), आणि घरी सोडलं त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत त्याच खिडकीवर गेलो. खिडकीत एप्रिलमधलीच ओवी नावाची मुलगी होती. तिने कागद बघितले आणि बिलाचा तिसरा हिस्सा भरायला सांगितला. मी म्हणालो, काहीतरी चुकतंय, एप्रिलमध्ये आमच्या व्याह्यांचं सगळं बिल कंपनीने दिलं होतं, एजंटसुद्धा तोच आहे. त्यावर ती पोर अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘काका, तेव्हा तुम्ही आणलेलं कार्ड निळं होतं. हे केशरी आहे.’

मग तिने मला समजावलं. केशरीत खोलीला दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे. खोली त्याहून महाग घेतली तर नुसतं भाडं कापत नाहीत, डॉक्टरांची फी, भूल, ऑपरेशनची खोली, सगळं त्याच प्रमाणात कापतात. म्हणजे गादी मऊ असली की खडे जास्त महाग निघतात, असं या कंपनीचं वैद्यकशास्त्र आहे. निळीत असली अट नाही. मी जगदेवीच्या भिशीचे पैसे भरले. तिला अजून सांगितलेलं नाही.

चार दिवसांनी जावईबापू सासूबाईंना बघायला आले. शहाळी आणली होती, तेही लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकच बाजू लिहिली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की बापू, कुणाला कुठली कंपनी द्यायची हे तुम्ही लोक ठरवता कसं? त्यांना वाटलं मी निवृत्त माणूस, मलाही एजन्सी घ्यायची आहे. खूश झाले. मांडी घालून बसले आणि तासभर त्यांनी मला धंद्याची दीक्षा दिली. त्यांचं म्हणणं असं, की केशरी एजंटाला शंभराला वीस कमिशन देते आणि वर्षाअखेर परदेशाची सहल, निळी शंभराला पंधरा देते आणि भिंतीवरचं कॅलेंडर. मग सगळ्यांनाच केशरी का विकत नाही, असं मी विचारलं. त्यावर ते हसले (कीव आल्यासारखे) आणि म्हणाले, ‘तसं चालत नाही मामा. केशरीत क्लेम कापला जातो, मग क्लायंट घरी येऊन बसतो. म्हणून माणूस बघायचा. जो भांडणार त्याला निळी, जो ऐकून घेणार त्याला केशरी.’

वीरभद्रप्पा, मी तीस विमा एजंट पाहिले असतील. टाय लावून लग्नात येतात, तेराव्याला पुस्तिका घेऊन येतात, ताप आलेल्याच्या उशाशी बसून ‘आता नाही, बरे झाल्यावर बोलू’ म्हणतात आणि बरा झाला की त्याच्या आधी दारात हजर असतात. त्यांचा मला कधी राग आला नाही, कावळ्याचा येत नाही तसा. पण यांच्यापैकी कुणी मला घरात बसून, माझाच चहा पिऊन, तुम्ही ऐकून घेणाऱ्यांपैकी आहात असं तोंडावर सांगितलं नव्हतं. आणि त्यांना कळलंही नाही, की आपण कुणाला काय सांगितलं. तुम्हीही शंभरामागे अडतच घेता. पण तुमचा दर शेतकऱ्याला ठाऊक असतो, आणि पटलं नाही तर तो गाडी वळवून अक्कलकोटला जातो. मी माझी गाडी कुठे वळवू?

मग मात्र मी गप्प बसलो नाही. कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणालो, ‘बापू, तुमच्या वडिलांच्या पोटात आणि तुमच्या सासूच्या पोटात तुम्ही शंभराला पाच रुपयांचा फरक केलात. मी तुम्हाला मुलगी दिली आहे, जीभ दिलेली नाही.’ जावईबापूंचा चेहरा उतरला. बाप म्हणून तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल, पण खरं ते लिहिलं पाहिजे.

विहीणबाईंना नमस्कार, दुकानातल्या लहानथोरांना आशीर्वाद. गुडघ्याला एरंडेल लावा.

आपला,
प्रभुलिंग

ता. क. एक विनंती राहिली. आमच्या पॉलिसीची मुदत ५ ऑक्टोबरला संपते. दुसऱ्या कंपनीत जायचं तर पंचेचाळीस दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, म्हणजे २१ तारखेच्या आत. तेव्हा तुम्हीच नंदीशरावांना सांगून आम्हाला निळीत घालायला लावा. तुम्हाला आपणहून सुचलं असं दाखवा.

ता. क. २. मी आणखी खोटं लिहू शकत नाही. जीभ दिलेली नाही वगैरे मी म्हणालो नाही. ते वाक्य मला चार दिवसांनी, भाजी निवडताना सुचलं. त्या वेळी मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, ‘वैदेहीला पंचमीला माहेरी पाठवाल ना?’ ते पाठवतो म्हणाले, आणि पाठवलंही. आली तेव्हा तिने स्वयंपाकघरात मला विचारलं, ‘बाबा, मी बोलू का त्यांच्याशी?’ मी म्हणालो, नको, तुझा संसार आहे.

ता. क. ३. आणि शहाळी आणली त्याच दिवशी निघताना जावईबापूंनी तीन वर्षांचं नूतनीकरण एकदम केलं तर सूट आहे म्हणून केशरीचा कागद पुढे केला. मी सही केली. चष्मा शेजारीच होता. कागद अजून त्यांच्या बॅगेत आहे, या महिनाअखेरीला जमा करणार आहेत. तुम्ही मार्केटात रोज दहा भांडणं करता, त्यातलं एक माझ्यासाठी करा. माझं नाव मात्र घेऊ नका, वैदेही गौरीला यायची आहे.