नव्वद किलोचे रानडुक्कर आणि आठ गुणिले बेचाळीस

तीर्थरूप ओल्द्रिखदाजी यांना मेतोदचा आदराचा नमस्कार. येशूची स्तुती असो.

ब्रनोहून पाठवलेले तुमचे कार्ड मिळाले. व्लास्ताताईचा खोकला थांबला हे वाचून बरे वाटले. तुमच्या गुडघ्याविषयी मात्र कार्डात एक अक्षर नाही, म्हणून मुद्दाम विचारतो, की खाली वाकून उठताना तो अजून दुखतो का? (प्रश्न साधा वाटेल, पण मी बरेच दिवस त्याच्यावर विचार करतो आहे.) इकडे आम्ही देवाच्या दयेने धडधाकट आहोत. आलुबुखाराच्या झाडाची एक फांदी फळांच्या ओझ्याने मोडली, त्यामुळे लिबुश दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. टेकू द्यायचे काम माझे होते. चर्चची सकाळची घंटा अजून मीच वाजवतो. कार्डात तुम्ही विचारले आहे की तुझे हे दुर्बीण-दुर्बीण काय चालले आहे, लिबुश फोनवर ताईला काहीतरी सांगत होती. तर दाजी, ते एका ओळीत मावणार नाही. चहा घेऊन बसा.

संत बार्थोलोम्यूच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी (म्हणजे तुम्ही सगळे आमच्याकडे मुक्कामाला होतात त्याच सकाळी) मी पहाटेच मक्याच्या शेताजवळच्या मचाणावर जाऊन बसलो. रानडुकरे मका फार नासतात, आणि आमच्या शिकार मंडळाने रानाची ती कड माझ्याकडे दिली आहे. खरे सांगायचे तर मी तिथे शिकारीपेक्षा जपमाळेसाठी जातो. चर्चमध्ये माझे निम्मे लक्ष मेणबत्त्यांकडे असते, मचाणावर तसे होत नाही. दहा-दहा मण्यांतली तिसरी दहाई चालू होती, अजून झुंजूमुंजूच होते, आणि रानाच्या कडेला काहीतरी तपकिरी हलले. मी सासऱ्यांची जुनी लष्करी दुर्बीण डोळ्यांना लावली. (ती घेऊन ते एकदा ओढ्यात पडले होते, तेव्हापासून तिच्या उजव्या नळीत कायम धुके असते.) रुंद तपकिरी पाठ, डोके खाली, पाचोळा उकरणे, दोन पावले पुढे, थांबणे, फुरफुरणे, पुन्हा उकरणे. सगळी लक्षणे डुकराची. मी जपमाळ खिशात ठेवली आणि बंदूक खांद्याला लावली. बोट चापाकडे निघाले होते. तेवढ्यात त्या डुकराने कमरेवर हात ठेवला, पाठ सरळ केली आणि स्वच्छ शब्दांत म्हटले, "येशू-मारिया, मेला हा गुडघा!"

दाजी, सव्वीस वर्षांत मी रानडुकराचे पुष्कळ आवाज ऐकले आहेत. त्यातल्या एकानेही कधी पवित्र मातेचे नाव घेतले नव्हते.

ते एक गृहस्थ होते, हातात टोपली होती आणि ते अळंबी गोळा करत होते. ते कोण हे पुढे सांगतो. तूर्त एवढेच की ते सुखरूप आहेत आणि त्यांना यातले काहीही ठाऊक नाही. हाक मारण्याऐवजी मी बंदूक फळीवर आडवी ठेवली. ते गुणगुणत निघून गेले तरी मी मचाणावर तसाच बसून राहिलो. राहिलेल्या दोन दहाया म्हणायला घेतल्या, पण कितवा मणी चालू आहे तेच समजेना.

इथवर देवाने सांभाळले. पुढचा घोटाळा माझा. मचाणावरून उतरल्यावर काय दिसले ते मंडळाच्या वहीत लिहावे लागते. काही दिसले नाही असे लिहावे तर ते खोटे, आणि खरे लिहायला हात धजेना. शेवटी मी लिहिले, 'रानडुक्कर एक, नर, एकटा, वजन अंदाजे नव्वद किलो. खात्री नसल्याने बार टाकला नाही.' (यात 'नर' आणि 'एकटा' एवढे तरी खरे होते, असे मी मनाशी म्हणत घरी आलो.) वाटले, वही कोण वाचतो? पण आमच्या मंडळाचे अध्यक्ष हाव्रान दुसरे काहीही वाचत नाहीत. रविवारपर्यंत गावभर झाले की मेतोदच्या कडेला एक थोरला एकांडा फिरतो आहे. बुधवारी मंडळातल्या पाव्हलिकला त्याच्या खुरांचे ठसे दिसले. शुक्रवारी पाववाल्या झाहराडनिकने त्याला दातावर दात घासताना ऐकले. पंधरा दिवसांत त्याचे वजन एकशेवीस झाले आणि एक सुळा मोडका निघाला. हाव्रानने त्या कडेवर आणखी दोन मचाणे बांधली आणि पाच जणांच्या पाळ्या लावल्या. आणि त्या गृहस्थांनी तर गावातून परत जाताना मोठ्या आनंदाने सांगितले होते की संत वेन्सेस्लासच्या सणाला पुन्हा येईन आणि थेट त्याच कडेला जाईन, कारण तिथली अळंबी कोणाला माहीत नाहीत! मी सकाळची घंटा पाच मिनिटे जास्त वाजवू लागलो, की तेवढ्याने रानात कोणी असेल तर सावध होईल. त्याने फक्त म्हातारी तेरेझा लवकर उठू लागली.

शेवटी लिबुशला सांगितले. आमच्या शिकारी बोलीत जनावराच्या डोळ्यांना 'दिवे' म्हणतात, हे तिला लग्नापासून ठाऊक आहे. तिने सगळे ऐकून घेतले, हातातले लाटणे खाली ठेवले आणि म्हणाली, "चांगले दिवे लावलेत!" मग बराच वेळ रडली, आणि मग नव्या चुलीसाठी बाजूला टाकलेले बारा हजार क्राऊन टेबलावर ठेवून म्हणाली, "अहो, माणूस कुठला आणि डुक्कर कुठलं एवढं ज्यातून कळेल अशी दुर्बीण आणा. आणि बारा हजारांत तशी मिळत नसेल, तर ते बंदुकीचं लोखंड माझ्या घरातून बाहेर काढा."

आता दुर्बीण निवडायची म्हणजे काय, ते ऐका. प्रत्येक दुर्बिणीवर दोन आकडे असतात आणि मध्ये गुणाकाराची खूण. आमच्या गावच्या शाळेत मास्तरांनी आम्हाला पाढ्यांशिवाय फारसे काही शिकवले नाही, पण पाढे मात्र असे शिकवले की गुणाकाराची खूण दिसली की मी गुणतोच. हाव्रानची दुर्बीण आठ गुणिले छप्पन, म्हणजे चारशे अठ्ठेचाळीस, आणि तिची किंमत माझ्या चुलीच्या दुप्पट. तर बाजारात एका माणसाकडे वीस गुणिले पन्नासची होती. बरोबर एक हजार! आणि मागत होता फक्त नऊशे क्राऊन. हाव्रान इतकी वर्षे फसत आला याचे मला मनातून वाईटही वाटले. (थोडेच वाटले.)

तिची परीक्षा कुठे घ्यावी? रानात अंधार रोज वेगळा असतो. आमच्या चर्चमधला सकाळच्या मिस्साप्रार्थनेपूर्वीचा अंधार मात्र माझ्या ओळखीचा आहे. म्हणून मी सासऱ्यांची, बाजारातली आणि हाव्रानकडून एका दिवसासाठी मागून आणलेली अशा तिन्ही दुर्बिणी घेऊन गायकांच्या सज्जात चढलो आणि समोरच्या खांबावरच्या पाटीवरचे गीतांचे आकडे वाचू लागलो. सासऱ्यांच्या दुर्बिणीतून पाटी दिसली, आकडे दिसले नाहीत. हाव्रानच्यातून आकडे दिसले, पण तिच्या वजनाने मान अवघडली. माझ्या हजारीतून सगळे चर्च थरथरत होते. पाचशे बारा, पाचशे बावीस आणि पुन्हा पाचशे बारा असे गीत एकाच जागी नाचत होते. मी तिला कठड्यावर टेकवून स्थिर करायच्या नादात होतो, तेवढ्यात खालून फादर रोमुअल्डचा आवाज आला, "मेतोद! पापकबुलीची खोली लांबून कसली न्याहाळतोस? ती जवळ येऊन वापरायची असते."

पाटी त्या खोलीच्या बरोबर वर आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. पहिल्या बाकांवरच्या बायकांनी माना वर केल्या. कोण गात नाही ते मेतोद टिपून घेतो आहे, असे तेरेझाने गावात पसरवले आहे. (तेव्हापासून आमचे समूहगान पुष्कळ सुधारले आहे.)

मी खाली उतरलो आणि फादर म्हणाले तसे जवळ जाऊन गुडघे टेकले. सगळे सांगितले. जाळीपलीकडून ते म्हणाले, "देवानं त्याला वाचवलं आणि तुलाही वाचवलं. पण ते वहीतलं डुक्कर अजून जिवंत आहे, मेतोद. ते तुलाच मारावं लागेल."

मी व्सेतीन शहरात गेलो. म्हटले, आधी दुर्बीण तरी घ्यावी, रिकाम्या हाताने मंडळापुढे कसे जायचे? दुकानात एक तरुण बाई होत्या. मी त्यांना माझे गुणाकार सांगितले, तेव्हा त्या हसल्या नाहीत; नुसत्या म्हणाल्या, "काका, गुणायचं नसतं. भागायचं." बेचाळीसला आठाने भागले की सव्वापाच. छप्पनला आठाने भागले की सात. पन्नासला विसाने भागले की अडीच. तेवढ्या मिलिमीटर जाडीचा उजेड दुर्बीण डोळ्यात सोडते. मग त्यांनी मला मागच्या अंधाऱ्या खोलीत बसवले आणि काळी वर्तुळे छापलेली एक पट्टी माझ्या गालाला लावली. "तुमच्या डोळ्यातली बाहुली अंधारात पाच मिलिमीटर उघडते. पन्नाशीला असंच होतं. मोठी दुर्बीण सातचा उजेड पाठवील, पण आत जागाच पाचाची. बाकीचा गालावर सांडणार. तुम्हाला आठ बाय बेचाळीस पुरे."

दाजी, चुलीच्या पैशांत बसणारी दुर्बीण मला पुरेशी आहे, हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात दुसरेच आले. म्हणजे उजेड येत असतो, आपणच तेवढे उघडत नाही! मी त्यांना विचारले, "मग हिच्यातून झुंजूमुंजूला माणूस आणि डुक्कर ओळखू येईल?" त्यांनी दुर्बीण पुसता पुसता सांगितले, "उजाडल्यावर येईल. त्याच्या आधीची खात्री आमच्याकडे कुठल्याच किमतीला मिळत नाही."

मी आठ बाय बेचाळीस घेतली. आणि येताना बसमध्ये ती मांडीवर ठेवून ठरवले की त्या बाईंनी जे प्रामाणिकपणे सांगितले, तेवढ्या प्रामाणिकपणाने मला मंडळात बोलता यायला हवे.

शुक्रवारी खानावळीत बैठक होती. हाव्रान भिंतीवरच्या नकाशावर एकांड्याच्या वाटा दाखवत होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ते डुक्कर नाही. माणूस आहे. मी त्याच्यावर बंदूक धरली होती." कोणी ग्लास उचलेना. मग पाव्हलिक हळूच म्हणाला, "पण मी ठसे पाहिले की!" झाहराडनिक बिअरकडे बघत बसला, दात कोणाचे वाजत होते ते त्याने सांगितले नाही. आमच्यात चूक करणाऱ्याला ओंडक्यावर पालथे घालून शिकारी सुऱ्याच्या पात्याच्या सपाट बाजूने तीन फटके देतात. एरवी ती गंमत असते. हाव्रानने या वेळी गंमत केली नाही. "पहिला शिकाऱ्यांच्या संत हुबर्टसाठी. दुसरा मंडळासाठी. आणि हा तिसरा त्या डुकराकडून." मग मला हात देऊन उठवले आणि कानात विचारले, "कोण होता रे?" मी म्हटले, "आधी त्यांना कळवतो." रात्रीत दोन्ही नवी मचाणे उतरवली गेली.

तर दुर्बिणीचे हे असे झाले. ताईला आणि मुलांना आशीर्वाद व नमस्कार ज्याचे त्याला.

आपला मेहुणा,
मेतोद

ता. क. १ : ते गृहस्थ तुम्ही होतात. तुम्हाला एव्हाना कळलेच असेल, पण लिहिल्याशिवाय मी पत्र बंद करू शकत नाही. त्या सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात टोपली रिकामी केलीत, सगळ्यांत मोठे अळंबे माझ्यापुढे ठेवलेत आणि म्हणालात, "मेतोद, तू असा पांढराफटक का? खा, तुझ्यासाठी आणलंय." मी तीनदा वाढून घेतले, कारण तोंड मोकळे असते तर मला बोलावे लागले असते. मला क्षमा करा, दाजी. पत्रातून नको. इथे येऊन, समोर बसून करा.

ता. क. २ : वजनाचे मनावर घेऊ नका. नव्वद मी लिहिले. पुढचे तीस मंडळाचे आहेत.

ता. क. ३ : पत्राचे खरे कारण हे, की वेन्सेस्लासच्या सणाला या, पण तो तपकिरी कोट ब्रनोलाच ठेवा. लिबुशने तुमच्यासाठी लालभडक टोपी विणली आहे. ती फार वाईट दिसते. तरी घाला. ताईला काय सांगायचे आणि किती, ते तुम्ही ठरवा. मी टोपीविषयीच बोलेन.

ता. क. ४ : बंदूक काल सकाळी मी पोलीस चौकीत जमा केली आणि परवान्यावर सही करून तोही परत दिला. जनावरांची मोजणी करायला मंडळाने मला ठेवले आहे, त्याला दुर्बीण पुरते. मचाण माझेच आहे, फळीवर दोघे मावतात, फक्त उजाडेपर्यंत गप्प बसावे लागेल. बंदुकीचे लोखंडी कपाट रिकामे झाले म्हणून लिबुशने त्यात तुम्ही आणलेली वाळवलेली अळंबी ठेवली आहेत. उंदीर लागत नाहीत. किल्ली तिच्याकडे आहे.