री ओढणारा फ्लॅश

बाबा, सकाळपासून मी बाथरूममध्ये लाल मगाचे फोटो काढतेय. तो मग पाण्याच्या निळ्या ड्रममध्ये बुडवलाय, तरंगू नये म्हणून आत दगड ठेवलाय, आणि तुमचा जावई दाराशी उभा राहून विचारतोय की आज आंघोळी होणार आहेत की आता थेट मालवणला. उद्या संध्याकाळच्या बसने मी मालवणला निघतेय, समुद्रात बुडी मारून माशांचे फोटो काढायला. हो, तुमचीच मुलगी, जिने पन्नाशी उलटेपर्यंत आपल्या राई गावच्या खाडीत गुडघ्याच्या वर पाणी चढू दिलं नाही. हसा पोटभर. पण हे खूळ तुम्हीच माझ्या डोक्यात घातलंय, त्यामुळे ऐकून घ्यावं लागेल.

आठवतं, काका होडीतून तांबोशी मासा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही स्टुडिओ उघडा टाकून धक्क्यावर धावायचात? आजोबांचं जाळं सोडून तुम्ही भाईंदर स्टेशनजवळ फोटोचं दुकान काढलंत, पण मासा दिसला की हातातली नवरी-नवऱ्याची फ्रेमसुद्धा तशीच ठेवून निघायचात. टोपलीतला तो लाल रंग बघता बघता उतरायचा. तुम्ही कॅमेऱ्याचा पट्टा सोडवेपर्यंत मासा विटलेल्या परकरासारखा झालेला असायचा. तुम्ही चरफडायचात आणि मला सांगायचात, "याचा खरा रंग पान्याखालीच हाय. आपल्याला न्हाय दिसायचा." काका म्हणायचे, रंग बघायचाय की कालवण खायचंय? आणि तुम्ही रात्री जेवताना तुकड्याकडे असे बघायचात की आईला वाटायचं मीठ जास्त झालंय.

तर बाबा, तुमचं म्हणणं निम्मंच खरं निघालं! मागच्या खेपेला मालवणात बुडी शिकताना मी खाली गेले, खडकापाशी तांबोशी समोर उभी, जिवंत, कल्ले हलवतेय, आणि रंग बघते तर राखाडी. चुलीतल्या राखेसारखा. मला रडूच कोसळलं, आणि मास्कमध्ये रडलं की नाक पुसता येत नाही. वर आल्यावर शिकवणाऱ्या मालवणी पोराने समजावलं की पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. म्हणजे वर मेल्यावर दिसत नाही आणि खाली जिवंतपणीही दिसत नाही. खरा रंग बघायचा तर उजेड आपण सोबत न्यायचा, माशाच्या जवळ जायचं आणि फ्लॅश मारायचा. तुम्ही असता तर पाण्याखालचा फ्लॅश आणायला त्या दिवशीच मुंबई गाठली असती.

मी फोनवर गाठली. दुकानदार ऐकेचना, "मॅडम, दो ले लो, बडावाला ले लो." मी म्हटलं, भाऊ, मला बोटीवरून उडी मारायची आहे, मंडप लावायचा नाही. मी विचारलं, उजेड किती रुंद पसरतो, एकदा पेटल्यावर परत भरायला किती वेळ घेतो, साध्या पेन्सिल सेलवर चालतो का. तो एकदम आदराने बोलायला लागला. मालवणचं पाणी गढूळ, त्यामुळे फ्लॅश समोरून मारला की मधला सगळा गाळ चमकतो, पिठाच्या गिरणीत टॉर्च लावल्यासारखा. म्हणून तो लांब दांडीवर बाजूला धरायचा. तुम्ही घामेजलेल्या नवरीच्या तोंडावर कधी समोरून फ्लॅश मारू दिलात का? मग मला हे वेगळं कोण शिकवणार होतं!

आता जोडणीचं ऐका. तारेने जोडायचा तर कॅमेऱ्याच्या पाणबंद डब्याला भोक हवं, आणि भोक म्हणजे पाण्याला आमंत्रण. दुसरी तऱ्हा अशी की एक काचेसारखी बारीक नळी लावायची. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश आत पेटतो, त्याचा उजेड नळीतून जातो, आणि तो बघून मोठा पेटतो. मी हे वाचलं आणि खुर्चीतून उठूनच उभी राहिले. अहो, ही तर तुमची री! लग्नात तुमच्या हातातला फ्लॅश म्हणजे बुवा, आणि मी कोपऱ्यात स्टूलावर उभी राहून धरायचे तो दुसरा. भजनात बुवा गायला की मागच्याने री ओढायची, असं तुम्ही सांगायचात. उजेडाने माझे डोळे दर वेळी मिटायचे आणि मी ओशाळायचे. तुम्ही म्हणायचात, "डोले मीट, पन हात हालवू नको."

आणि तरी आज सगळे फोटो काळे आले. फ्लॅश पेटतोय की, असं दारातून नवरा सांगतोय, आणि कॅमेऱ्यात अंधार. उद्या बस, आणि माझ्या हाती परत राखाडी मासा. मी ड्रमच्या कडेला टेकून बसले. मग राईतलं ते लग्न आठवलं, जिथे पाहुण्यांचे कॅमेरे चमकले की आपला री ओढणारा उगाच पेटायचा, आणि अंतरपाट दूर होताना रिकामा असायचा. तुम्ही फोटो पेपरच्या काळ्या कागदाची नळी करून त्याच्या डोळ्याला लावलीत, म्हणजे त्याने फक्त आपलाच बुवा बघावा. पण इथे नळी आहेच, दुसरा बुवा नाही. मग चुकतंय कुठे? तेव्हा कळलं. हल्लीचे कॅमेरे खऱ्या फ्लॅशच्या आधी एक बारीकसा मारून अंदाज घेतात. बुवा नुसता खाकरला होता, आणि यानं तेवढ्यावरच री ओढली!

मोठ्या फ्लॅशच्या पाठीवर एक चकती आहे, पहिला उजेड सोडून दुसऱ्यावर पेट असं सांगायची. ती मी फिरवली, कॅमेऱ्यासकट हात ड्रममध्ये घातला, बटण दाबलं. आणि मग आला, बाबा. लाल. असा लाल की नवरा म्हणाला, हा आपलाच मग ना? मी ओरडले, "बाबा, री ओढली!" त्याने हळूच माझ्या हातातून ओला कॅमेरा घेतला आणि पुसला.

आता बॅग भरायची आहे. तांबोशी भेटेल, न भेटेल, ती काही माझ्या मांडवातली पाहुणी नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून एक सांगून टाकते. तो फ्लॅश पेटताना मी आज एकदाही बघितला नाही. दर वेळी डोळे मिटले. हात मात्र नाही हलला.