झार्याचं वय

मारिबोर, जूनचा पहिला आठवडा

प्रिय येर्नेय,

लिंडन फुललेत. बाबा सकाळपासून मधमाश्यांच्या पेट्यांपाशी आहेत. यंदा मध बरा निघेल म्हणतात, म्हणजे मला असं म्हणत नाहीत, माश्यांना म्हणतात. मी खिडकीतून ऐकते. गुडघा दुखतो त्यांचा, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की टोपी घालून बागेत जातात. तुला कागदावर लिहायची सवय मोडली आहे माझी. फोन तू उचलत नाहीस, आणि मेसेजमध्ये "जेवलास का" याच्या पुढे माझी बोटं सरकत नाहीत. म्हणून म्हटलं, सावकाश बसून लिहावं. तूही सावकाश वाच. घाईत वाचू नकोस.

माझं वर्ष नेहमीसारखंच गेलं. हिवाळ्यात आकड्यांची चित्रं शिकवायची आणि वसंतात ग्राफिक्स. फेब्रुवारीत पहिला तास घेतला तेव्हा बाहेर अजून बर्फाचे ढिगारे होते. प्रयोगशाळेत तीच जुनी कुरकुरणारी खुर्ची आहे, जिच्यावर बसून तू माझ्याच तासाला माझ्याकडे पाहून जांभया द्यायचास. पोरं नवी असली तरी पहिलं काम तेच देते. झार्याचं मॉडेल उघडा, आणि कानामागचं भोक बुजवा.

तुला आठवतं ना तो दिवस? स्कॅनर आठवड्यापुरता उसना मिळाला होता आणि मला सगळ्या जगाचं मोजमाप घ्यायचं होतं. तुम्हा दोघांना शाळेतून थेट प्रयोगशाळेत आणलं. झार्या सहा वर्षांची, पुढचा दात नुकताच पडलेला. तिला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, आता दगडासारखी बस. लेसरची लाल रेघ तिच्या कपाळावरून खाली उतरत होती आणि तू दाराच्या काचेमागून तोंडं वेडावत होतास. मी तुला हाकललं, पण तोवर तिच्या ओठाचा डावा कोपरा वर गेलेला होता, आणि तो तसाच राहिला. कानामागे लेसर पोचला नाही, तिथे भोक राहिलं. मी म्हटलं, राहू दे, पोरांना दुरुस्त करायला काहीतरी हवंच. दरवर्षी कोणीतरी विचारतं, मॅडम, ही अर्धीच का हसते? मी सांगते, मॉडेल तसंच आहे.

फाइलीचं नाव झार्या. पोरांना वाटतं मी पहाट म्हणून ठेवलंय ते नाव, कारण पहिला धडा प्रकाशाचा असतो. आधी पडद्यावर नुसता काळा ठिपका दिसतो, चेहरा वगैरे काही नाही. मग मी सांगते, दिवा कुठे ठेवायचा ते ठरवा. कोणी डोक्यावर ठेवतं, कोणी हनुवटीखाली ठेवून तिची चेटकीण करतं, आणि कोणीतरी अचूक डाव्या खांद्यावर ठेवतं. मग गाल उजळतात, दाताची फट दिसते. सगळ्या वर्गात एकाच वेळी ती उगवते. वर्षानुवर्षं पोरांनी तिला संगमरवराची केली, काचेची केली, तांब्याची केली. एकाने तिच्या अंगावर लोकर उगवली. काचेची पाहायला ती स्वतः एकदा आली होती, बारावीत असताना. म्हणाली, "आई, हिच्या डोक्यात बल्ब लाव, बैठकीत ठेवू." मग वनशास्त्राला गेली, आणि माझ्या विषयाकडे तिने पुन्हा वळूनही पाहिलं नाही.

तू फोनवर म्हणाला होतास, "आई, आता तिला काढ तिथून. सशाचं तयार मॉडेल घे, किटलीचं घे, शिकवायला सगळं जग तेच वापरतं." मी म्हणाले, बघते. त्या दिवसापासून तू माझा फोन उचलणं सोडलंस. मला कळतं, बाळा. तू याच धंद्यात आहेस. कुठल्यातरी पोराने कौतुकाने इंटरनेटवर टाकलेलं चित्र सकाळी चहा पिताना तुझ्यासमोर येतं, आणि त्यात ती काचेची असते. पण मी तिला काढलं नाही. काढायला बसले होते, खरंच बसले होते. सशाचं मॉडेल उतरवून घेतलं, धडा बदलून लिहिला. मग फेब्रुवारी आला, तीस पोरं समोर बसली, आणि मी जुनीच फाइल उघडली. वर्षातून एकदा कोणीतरी दिवा लावतं आणि ती अंधारातून वर येते. माझ्याकडून ते सुटत नाही. हे कारण आहे की नुसता हट्ट, ते मला माहीत नाही.

हिवाळ्यातलं एक राहिलं सांगायचं. आकड्यांच्या कोर्सला गाश्पर म्हणून एक मुलगा होता, क्रान्यचा. चुणचुणीत, गिर्यारोहणाचं वेड. विषय निवडायच्या दिवशी म्हणाला, डोंगरातल्या अपघातांचा नकाशा करतो. मी आयुष्यात कुणाला विषय नाकारला नव्हता. त्याला म्हटलं, दुसरं काहीतरी बघ. त्याने भाबडेपणाने विचारलं, "का मॅडम? आकडे चांगले नाहीत का?" मी म्हटलं, कर. आणि त्याने केलाही सुंदर. आपले सगळे कडे, सगळ्या घळी, त्यावर तांबूस ठिपके. जवळ गेलं की ठिपके वेगळे होतात, बोट लावलं की एक ओळ उघडते. जानेवारीत तो वर्गापुढे दाखवत होता. मी मनाशी ठरवलं होतं की त्या घळीकडे बघायचं नाही. पण तोच म्हणाला, मॅडम, तुम्ही हाताळून बघा ना, आणि माझं बोट सरळ तिथेच गेलं. स्त्री, चोवीस वर्षं. उन्हाळी बर्फावरून घसरून. सोबत एक जण, इजा नाही.

मी पोरांना नेहमी विचारते, तुमच्या चित्रात काय दिसत नाही? त्यालाही विचारलं. तो म्हणाला, हवामानाची नोंद मिळाली नाही. मी मान डोलावली आणि पुढच्याला बोलावलं. पण येर्नेय, त्या ओळीतला शेवटचा शब्द खोटा आहे. मी त्या पोराला सांगू शकले असते की तुझ्या आकड्यांत एक चूक आहे. सोबतच्या माणसाला काय झालं ते मोजायला कोणी गेलंच नाही. त्या मे महिन्यात तू खाली गिर्यारोहकांच्या झोपडीपाशी आलास, अंगावर बचाव पथकाची घोंगडी, आणि एकदाच म्हणालास, "वाट मी निवडली." मी तेव्हा तुझं डोकं धरलं होतं आणि जे म्हणाले तेच आज पुन्हा लिहिते. बर्फ तुझ्यापेक्षा तिला जास्त कळत होता. तिनेही ती घळ पाहिली, तिनेही पाय टाकला. तुला ते पटलं नाही, आजही पटणार नाही. मी पटवायला लिहीत नाही. फक्त मी ते दया म्हणून म्हटलं नव्हतं, एवढं तुला कळावं.

आता गेल्या आठवड्याचं. ग्राफिक्सच्या प्रकल्पांचं सादरीकरण होतं. बोगोमिर परीक्षक म्हणून मागच्या बाकावर बसला होता. तो आता निवृत्त झालाय, तरी बोलावलं की येतो. रोन्या नावाची मुलगी उठली. प्रेकमुर्येची आहे, तिकडच्या बोलीत बोलते, त्यावरून बाकीचे तिला चिडवतात. ती ऐकून घेते आणि दर सोमवारी सगळ्यांना घरची गिबानित्सा, तो तिकडचा थरांचा केक, खाऊ घालते. वर्षभर तोंडातून फार शब्द निघाले नाहीत तिच्या. तिने झार्या उघडली. भोक इतकं सफाईने बुजवलं होतं की कानामागचे बारीक केससुद्धा होते. खाली एक पट्टी होती आणि पट्टीवर एक बटण. रोन्या म्हणाली, "मॅडम, माझ्या मावशीनेसुद्धा तुमच्याकडे हिच्यावरच अभ्यास केला होता. मावशीला आता दोन पोरं झाली, आणि ही आपली सहाचीच. म्हटलं, बिचारीला जरा मोठी करू या." पोरं हसली. तिने बटण सरकवलं.

तिने कितीतरी अनोळखी बायकांचे चेहरे गोळा केले होते, लहान, तरुण, म्हाताऱ्या, आणि वयाबरोबर काय काय बदलतं ते त्यांच्यावरून काढलं होतं. दात आला. गाल उतरले. बाराव्या वर्षी मी खुर्चीची कड धरली. चोविशीला रोन्या थोडी थांबली, कारण तिथली त्वचा तिला दाखवायची होती. ती झार्या नव्हती. नाक सरळ होतं. सायकलवरून पडल्याची खूण कुठून येणार? कोणीतरी परकी, देखणी मुलगी होती ती, आणि मला चक्क हायसं वाटलं. मग बटण पुढे सरकलं. तीस. चाळीस. येर्नेय, चाळिशीला ती परत आली. कसं ते मला सांगता येणार नाही. डोळ्यांखाली जरा ओढलेली, ओठाचा तो कोपरा तसाच वर. मी म्हणाले, "जरा थांब." आवाज ठीक निघाला असावा, कारण रोन्याने नुसतं विचारलं, मानेकडे बघताय का? तिथे जरा गडबड आहे. मी म्हटलं, हो, मान. आणि मानेबद्दल दोन प्रश्न विचारले. तिने उत्तरं दिली. काय दिली ते आठवत नाही.

मग तिने साठीला नेलं, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, ही तर मॅडम!" सगळा वर्ग हसला. रोन्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लाजून लाल झाली. तिला वाटलं, आपण मॅडमला म्हातारी म्हटलं. मी म्हणाले, "सगळ्या म्हाताऱ्या सारख्याच दिसतात. बस खाली, काम उत्तम झालंय." बोगोमिर तेवढ्यात उठून बाहेर गेला होता. मध्यंतरात तो मला खिडकीपाशी भेटला, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "तू घरी जा. उरलेले मी बघतो." मी गेले नाही. उरलेल्यांचंही ऐकलं. एकाने अंगणातल्या पाण्याच्या लाटा केल्या होत्या, छान होत्या.

पोरांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर रोन्याला ते काम पुन्हा उघडवणार नाही, आणि माझ्या हाताखाली आजवर कुणी इतकं चांगलं काम केलेलं नाही.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते मधाच्या चौकटी साफ करत होते. हातातली चौकट खरवडून संपवली. मग म्हणाले, "चाळिशीत केस कसे होते?" मी म्हटलं, आखूड कापलेले. ते म्हणाले, "तिने कापले नसते." आणि चौकट घेऊन बाहेर गेले. दोन वर्षांत तिच्याबद्दल आमचं एवढंच बोलणं झालं आहे.

आता हे सगळं तुला का लिहिते आहे ते सांगते. परवा रोन्या शिफारसपत्र मागायला आली. माल्मोला एका कंपनीत मुलाखत आहे, महिनाअखेरीस. आनंदाने फोन पुढे करून तिने मला पत्र दाखवलं, आणि खाली मुलाखत घेणाऱ्यांच्या नावांत तुझं नाव होतं. तुझं आडनाव बाबांचं, माझं माहेरचं. तिला काही कल्पना नाही. मी शिफारस दिली. मी तिला म्हणू शकले असते की दुसरं काहीतरी घेऊन जा, पण तिने कारण विचारलं असतं. म्हणून तिला न सांगता तुला सांगते आहे. ती आधी तेच उघडेल. दिवा डाव्या खांद्यावर असेल. हसून म्हणेल, बिचारीला मोठी केली. तिच्यावर रागावू नकोस. नाहीच सोसलं तर पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जा, उरलेली मुलाखत दुसरं कोणी घेईल. पण बसवलं तर बटण तिच्याकडून मागून घे आणि तुझ्या हाताने हळू सरकव. चोवीसपर्यंत तिचं चुकलं आहे, ते तुला लगेच दिसेल. त्याच्या पुढचं बरोबर की चूक, हे सांगणारं तुझ्यामाझ्यासकट कुणीच नाही. चाळिशीला मी थांबले होते, तुला थांबावंसं वाटलं तर थांब. आणि पोरगी गुणी आहे. काम पसंत पडलं तर तिला घ्या.

तुझीच, आज फोन करणारी आणि तू नाही उचललास तर उद्या पुन्हा करणारी,
आई