एक्सटॉर्शन की ब्लॅकमेल

इचिकावा, जपान,
१२ जून २०१६

ती. बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. आम्ही दोघं सुखरूप आहोत. आईला सांगा, हल्ली भूकंप जाणवण्याइतका झालेला नाही.

तुम्ही वर्गात सांगायचा ते आठवतं? धमकावून पैसे उकळले की एक्सटॉर्शन, आणि गुपित फोडायची धमकी देऊन उकळले की ब्लॅकमेल. काल त्याची गरज पडली.

जयेशला इथली नोकरी लावून देणारा एजंट चार महिने त्याच्याकडे पैसे मागतोय. "दिले नाहीत तर तुझा व्हिसा घालवीन," म्हणतो. मला गेल्या आठवड्यात कळलं. काल मीच जयेशला पोलीस चौकीत नेलं. तिथल्या हवालदार ओकादा-सानना थोडं इंग्रजी येतं. त्यांनी विचारलं, "ब्लॅकमेल?"

मी ठसक्यात म्हटलं, "नाही, एक्सटॉर्शन. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

जयेश खाली बघत होता. हळूच मराठीत म्हणाला, "रुचा, त्यांचाच शब्द बरोबर आहे."

एजंटाने व्हिसाच्या अर्जात त्याचा अनुभव दोन वर्षं वाढवून लिहिला होता आणि जयेशला ते ठाऊक होतं. बाबा, मला त्याचा फार राग आला, आणि तितकीच कीवही. शेवटी मीच ओकादा-सानना शब्द बदलायला सांगितला. सगळं खरं सांगून तक्रार नोंदवली. उद्या तो ऑफिसातही सांगणार आहे. नोकरी राहील असं वाटत नाही.

आईचा गुडघा कसा आहे? तिला एवढ्यात काही बोलू नका. आणि आम्ही परत आलो, तर तुमच्या या जावयाशी नेहमीसारखं बोलाल ना?

तुमची,
रुचा