किर्तीच्या दारावरची पाटी

४ नोव्हेंबर, मंगळवार
पोळ्या लाटता लाटता किर्ती बोलली. माझ्याकडे न बघता. "आई, जयदेवने लग्नाचं विचारलंय. हो म्हणू?"
जयदेव तिच्या ऑफिसातला. अंबरनाथला घर घेतलंय त्याने.
माझ्या अभिजीतला जाऊन तीन वर्षं झाली. सून म्हणून पोरीला किती दिवस धरून ठेवायचं? हो म्हण, म्हटलं. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.
ह्यांनी बाहेर सगळं ऐकलं. ताट सारून उठले.

७ नोव्हेंबर
हे किर्तीशी बोलत नाहीत. माझ्याशीही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
किर्ती-जयदेवच्या दारावरची पाटी मीच करणार! लाकडावर अक्षरं जाळायला मला अभिजीतनेच शिकवलं. तेव्हा कुठे माहीत होतं...
बदलापुरात मनासारखी फळी मिळेना. उल्हासनगरला गेले, कॅम्प चारमधल्या लाकूडवाल्याकडे. सागवानी, चार फुटी. दुकानदार म्हणाला, "आंटी, इतना बडा बोर्ड? किसकी शादी है?"
"बहू की."
"मतलब बेटे की!" तो हसला. मीही हसले. काय करणार!

१२ नोव्हेंबर
गॅलरीत बसून 'किर्ती' पूर्ण केलं. वेलांटी छान वळली. जळक्या सागाचा वास घरभर. ह्यांनी खिडकी लावून घेतली.

१६ नोव्हेंबर, रविवार
कसं झालं कळत नाही. पेन्सिलने 'जयदेव' काढलेलं होतं, तरी जाळायचा तापलेला पेन टेकवला आणि हात आपोआप वळला. 'अ'. चांगला खोल 'अ' जाळून बसले!
पॉलिश पेपरने घासून बघितलं. जात नाही. त्याच्यावर हात ठेवून बसून राहिले. दुसरी फळी आणावी? मग ही कुठे ठेवू?

१७ नोव्हेंबर
पटाशीने 'अ' कोरून काढला. तळहाताएवढा खड्डा झाला. शेजारी 'जयदेव' लिहिलं. ह्या वेळी हात भलतीकडे वळला नाही.

२० नोव्हेंबर
खड्ड्यात काचेसारखं सुकणारं रेझिन ओतलं, निळा रंग घालून. बुडबुडे टाचणीने फोडले. सुकेपर्यंत धूळ बसायला नको. हे दिवसभर पंखा न लावता बसले. त्यासाठीच का?

२३ नोव्हेंबर, रविवार
पाटी बघून किर्ती हरखली. निळ्या डागावरून बोट फिरवत म्हणाली, "इथे तळं का हो, आई?"
"लाकडात गाठ होती."
बोट तिथेच थांबलं तिचं. "काढताना दुखलं असेल," एवढंच म्हणाली.
पोरीला कळलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार
रजिस्टर लग्न. हे आले नाहीत. क्लार्कने अडवलं — पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स चालणार नाही, मूळ प्रत हवी. ती ह्यांच्या कपाटात, कुलपात. तीन वर्षांत मलाही दाखवली नाही. भीत भीत फोन केला. ऐकून घेतलं आणि ठेवला त्यांनी.
तासाभराने ऑफिसच्या दारात हे! इस्त्रीचा शर्ट घालून. दाखला टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही उचलेना.
क्लार्क म्हणाला, "काका, तुम्ही मुलाकडचे का?"
"मुलीकडचा," हे म्हणाले. "बाप." आणि हात उचलला.