दाराबाहेर बसवलेला पुरावा

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, काम उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसणे, हे पूर्ण शुद्धीत लिहितो. कोणी धाक घातलेला नाही. उद्यापासून चाळीस मजली इमारत आहे, आणि तेवढ्या उंचीवर चढवण्याआधी कंपनी प्रत्येकाकडून असा कागद घेते. मरायचा विचार नाही. शिक्षण चौथी, तेही पाच शाळांत मिळून, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

१. बँकेत असेल ते आईचं. भावोजींनी त्यात लक्ष घालू नये. माझी सायकल त्यांनी दोन दिवसांसाठी नेली होती, ती अजून येतेच आहे.

२. बूट, पट्टा आणि रबरी पुसणी खोलीतल्या जाड्याला. पट्टा त्याच्या पोटाला पुरणार नाही, हे मला माहीत आहे.

३. समितीतली माझी खुर्ची कोणालाही देता येत नाही. एक संस्था शाळांचे नियम बदलू पाहणाऱ्या प्रकल्पांना निधी देते. पाच जण गुण देतात: किती मुलांना उपयोग, सरकार ऐकेल का, पुरावा काय. पाचवा माणूस त्यांना शाळा सुटलेला हवा होता, आणि मी त्यांच्याच काचा पुसत होतो.

यंदाच्या गठ्ठ्यात ताईचा प्रस्ताव निघाला. ताई शिक्षिका आहे. आईबापामागे गाव बदलणाऱ्या मुलाला जुन्या शाळेचा दाखला नसला तरी वर्गात घ्यावं, एवढंच तिचं मागणं. माझी शाळा त्या दाखल्यापायीच सुटली. बाबा रस्त्याच्या कामावर जातील तिथे आम्ही. मामाकडे एकाचीच सोय होती, तिथे ताई राहिली.

मी उभं राहून सांगितलं, "ही माझी सख्खी बहीण." नातेवाइकाने बाहेर जायचं, असा नियम. दाराबाहेर खुर्चीत बसून काचेतून त्यांची तोंडं हलताना बघितली. काचेवर डाग होता, तो बाहीने पुसला.

आत बोलावलं तेव्हा दोनाविरुद्ध दोन झाले होते. बरोबरी म्हणजे नामंजूर.

"पुरावा कमी पडला," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दाखल्यापायी शाळा सुटली, असं एकही मूल प्रस्तावात नाही."

"मी आहे की."

"तुम्ही समितीवर आहात. तुमचं धरता येत नाही."

"खुर्ची सोडतो."

"सोडल्यावरही तीन वर्षं तुमची गोष्ट पुरावा म्हणून धरता येत नाही." बाई वाईट नाहीत. माझ्यासाठी पाणी मागवलं.

ताई फोनवर म्हणाली, "तुला बाहेर काढतील म्हणून तुझी गोष्ट मुद्दाम घातली नव्हती रे. लग्नानंतर आडनावंही वेगळी आपली. तुला कोणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग बोललास कशाला, शहाण्या?"

तिच्या शाळेच्या फाटकाबाहेर सध्या दाखला नसलेली अकरा मुलं बसतात. त्यांची नावं कागदावर द्यायला आईबाप भितात.

४. माझ्या पाच शाळांची हकिगत वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहे. ती ताईची. नियमांचं पुस्तक मी जाड्याकडून दोनदा वाचून घेतलं. समितीवरचा माणूस मेला तर काय, याबद्दल त्यात ओळ नाही. तसं झालं तर ताईने हकिगत जोडून लगेच अर्ज करावा. मी जगलो तर तिने तीन वर्षं थांबावं. तोवर त्या अकरा जणांना मिसरूड फुटेल. याला माझ्याकडे इलाज नाही.

ठिकाण: कामगारांची खोली, दुसरा मजला
दिनांक: ९ नोव्हेंबर

सही

साक्षीदार १: खोलीवरचा स्वयंपाकी. (जाड्याला पट्टा दिल्यामुळे त्याची सही चालत नाही.)
साक्षीदार २: मुकादम. "चौथं कलम खोड," म्हणाला. खोडलं नाही. तेव्हा सहीखाली त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं: उद्या याच्या दोराच्या गाठी मी मारणार.