नवं मशीन आधी पुसून घे

बाबा, गिरणीतून आणलेल्या खोक्यांच्या फळ्यांचं टेबल, दोन बँडचा रेडिओ, आईच्या शिलाई मशीनला बसवलेली मोटर, मंडळाच्या देखाव्यात सात वर्षं मान हलवणारा हत्ती, लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून जोडलेला पहिला कॉम्प्युटर, आणि लालबागच्या माझ्या दुकानातली सगळी मांडणी, जिच्यात एक खिळा वाकडा सापडला तर सांगा. एवढं मी या हातांनी केलं. शिकवलं कुणी नाही. तुम्ही शिकवलंत, पण तुमचं शिकवणं म्हणजे ओरडणं. टेबल आणि रेडिओ तुम्ही पाहिलात, बाकी सगळं तुमच्या मागे झालं.

हल्ली मात्र लोक काही करत नाहीत, विकत आणतात आणि त्याला हार घालतात. करी रोडला आपली चाळ होती तिथे आता टॉवर आहे, आणि दुसऱ्या मजल्यावर मंडळाची अभ्यासिका. तिथे परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींसाठी कुणीतरी अकरा नवे कॉम्प्युटर दिले. मला बोलावलं ते चालू करून द्यायला. गेलो तर अध्यक्षांनी आधीच पूजा उरकलेली, अकराही कीबोर्डांवर हळदकुंकू आणि अक्षता. खंडेनवमीला तुम्ही गिरणीत विणायच्या साच्याला हार घालायचात तो लोखंडाला, बाबा, आणि तोही साचा बंद करून. मी रंगाचा बारीक ब्रश घेऊन एकेका बटणाखालचा तांदूळ काढत बसलो. अध्यक्ष म्हणाले, "असू दे हो, शुभ असतं." मी म्हटलं, "शुभ असेल, पण एंटर दाबला जात नाही."

पण ती घाण निदान दिसत होती. तुम्हाला समजेल असं सांगतो. समजा गिरणीत नवा साचा आला आणि कंपनीने त्यातच एक माणूस बसवून पाठवला, जो दर दहा धाग्यांनी ओरडतो, 'तेल आमचंच घ्या.' दुसरा माणूस महिनाभर फुकट काम करतो आणि एकतिसाव्या दिवशी हात बांधून उभा राहतो, 'आता पैसे द्या.' तिसरा काहीच करत नाही, नुसता तुम्ही काय विणता ते लिहून घेतो. नव्या कॉम्प्युटरमध्ये हे सगळे बसूनच येतात. मी मोजले, प्रत्येकात असे सतरा प्रोग्राम. धमक्या देणारा अँटिव्हायरस, महिन्याच्या मुदतीवरचं ऑफिस सॉफ्टवेअर, चार खेळ, दोन दुकानं, एक झटपट कर्ज देणारा. आणि कारखान्याने घातलं ते कमी म्हणून पुरवठादाराने वर स्वतःचं एक घातलेलं, ज्यातून तो त्याच्या ऑफिसात बसून आत डोकावू शकतो. लोकांना हे दिसत नाही. माझा भाचा इंजिनियर आहे, चांगल्या पगारावर, तोसुद्धा 'पुढे, पुढे, पुढे' दाबत जातो. कशाला होकार दिला विचारलं तर म्हणतो, "मामा, एवढं कोण वाचतं?" चार वर्षं कॉलेजात जाऊन हे शिकला.

तुम्ही सातवी शिकलेले. गिरणीत परदेशातून मशीन यायचं ते पिवळट ग्रीसने लडबडून, खोक्यात गवताच्या पेंढीत बसून. साहेबांना घाई असायची बटण दाबायची. तुम्ही रॉकेलचा डबा आणि सुताचा बोळा घेऊन खाली बसायचात आणि दोन दिवस उठायचा नाहीत. "नवा मशीन कदी साफ नसता. आदी तेका पुसून घे, मगे चलव." घरीही तेच. गिरणीच्या संपानंतर आईने शिवणकामासाठी मशीन घेतलं तेव्हा मी चौदा वर्षांचा, मोठ्या तोऱ्यात ते पुसायला बसलो. दिसेल ती घाण काढली आणि पुडीत बांधून खाली टाकून आलो. संध्याकाळी मशीन फिरेना. तुम्ही पालथं केलं, बोट आत घातलंत आणि विचारलंत, "हंयची पितळेची चकती खंय गेली?" मला ती पॅकिंग वाटली होती. तुम्ही मारलं नाहीत. मला कचरापेटीशी नेलंत आणि चकती सापडेपर्यंत बाजूला उभे राहिलात. सगळी चाळ गॅलरीतून बघतेय. वर आल्यावर ताटली पुढे केलीत. काढशील तो प्रत्येक स्क्रू काढलेल्या क्रमाने इथे ठेव, आणि मशीन चालेपर्यंत काही म्हणजे काही फेकू नकोस.

तर पहिल्या कॉम्प्युटरवर मी बसलो आहे आणि मला नुसता संताप येतो आहे. एक काढलं, दोन काढली, दहा काढली. ताटली नाही, यादी नाही. कंपनीचं नाव दिसलं की उडव. सतराच्या सतरा काढून मी हात झटकले आणि तिथल्या एका मुलीला म्हटलं, "घे, लाव तुझं लेक्चर." तिने लावलं. चित्र हलतंय, आवाज नाही. स्पीकर चालवणारा कंपनीचा एक लहानसा प्रोग्राम मी कचऱ्याबरोबर फेकला होता. ती पोरगी बसकंडक्टरची, तोंडाची फटकळ. "काका, आंघोळ घालता घालता मुकं केलंत की हो याला." सगळी अभ्यासिका हसली. एका चकतीसाठी माझा अख्खा दिवस गेला. दुसऱ्या मशीनपासून वही घेतली. काय काढलं, कुठल्या क्रमाने, ते लिहिलं, प्रत्येक काढणीनंतर मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. सतरापैकी सोळाच कचरा होता.

मग फुकटचं भरलं. फुकट म्हटलं की लोक नाक मुरडतात, त्यांना फुकट म्हणजे सडकं वाटतं. कुठकुठची माणसं घरी बसून हे लिहितात आणि कुणालाही देऊन टाकतात, न ओरडता. लिहायला आणि तक्ते करायला एक, नारंगी शंकूच्या चित्राचं एक, जे कुठलाही व्हिडिओ चालवतं, झिपमध्ये बांधलेल्या फायली सोडायला एक, जाहिराती अडवायला एक, मराठी कीबोर्ड. प्रत्येक गोष्ट ज्याने बनवली त्याच्याच जागेवरून घेतली, आणि 'पुढे' दाबण्याआधी प्रत्येक ओळ वाचली.

पाचव्या मशीनवर होतो तेव्हा पुरवठादार आला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. "साहेब, एवढं डीप कशाला जाता? पडून राहू द्या ना, तुमचं काय खातंय?"

"पोरांचा वेळ खातंय."

"आम्हाला त्याचे मिळतात हो वरून. समजून घ्या." मग माझी वही बघून, "इंजिनियर का तुम्ही?"

"नाही."

"मग शिकलात कुठे?"

"घरी."

तो हसला, पण त्याची नजर वहीवरून हलेना. लालबागपासून वरळीपर्यंत जेवढ्या नव्या सोसायट्या होतायत, तिथली सगळी मशीनं लावायचं काम तो मला देणार म्हणाला. अट एकच, आहे ते काढायचं नाही. आणि दुकानावर त्याच्या कंपनीची पाटी, माझं नाव आणि खाली 'अधिकृत अभियंता'. अशा माणसाला मी दारातून परत पाठवतो, बाबा. पण तो पाटीबद्दल बोलला तेव्हा मला तुमचं गिरणीचं कार्ड आठवलं. तीस वर्षं फिटरचं काम केलंत आणि कार्डावर शेवटपर्यंत 'हेल्पर'. साहेब म्हणाले होते, सर्टिफिकेट नाही तर हुद्दा नाही. तुम्ही कार्ड नेहमी उलटं ठेवायचात.

हे मी अकराव्या मशीनवर लिहितो आहे, फुकटच्या सॉफ्टवेअरात जोडाक्षरं नीट उमटतात का ते बघायला. उमटतात. उद्या सकाळी मशीन मुलांच्या ताब्यात द्यायचं, त्याआधी ही फाइलही काढावी लागेल. सोळा त्यांच्या, सतरावी माझी. मशीन चालतंय, त्यामुळे फेकायला आता हरकत नाही.

सगळ्यांना मी सांगितलं की पुरवठादाराला उभ्या उभ्या नाही म्हटलं. तसं झालं नाही. मी चार दिवस मागून घेतले, आणि त्या चार दिवसांत पाटी दारावर कुठे बसेल त्याचं माप काढून, भिंतीवर पेन्सिलीने दोन खुणा केल्या. पाचव्या दिवशी खुणा पुसल्या आणि फोन करून नाही म्हटलं. पाटी गेली, आणि त्या कामाचे महिन्याला पस्तीस हजारही.